गोळीच्या दुकानासमोर धोंडुबाई

खांब गावच्या धोंडुबाईनं तिथलं दारूचं दुकान कधीच बंद पाडलं होतं. बायकांनी मतदान केलं, आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्के मारले आणि दुकानाला कुलूप लागलं. तेव्हा तिला वाटलं, सुटलो एकदाचे. कसलं सुटतोय! आता हमरस्त्यावरच्या हैबतरावाच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी मुनक्क्याच्या गोळ्यांच्या माळा लोंबतात. पुडीवर द्राक्षांचा घड, खाली 'आयुर्वेदिक, पाचक'. आत भांग.

तिचा मुलगा जितेश डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटी कामावर. रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोप लागेना म्हणून एक गोळी, मग दोन, आणि आता कामावर जातानाही. परवा क्रेनखाली उभ्या उभ्या पेंगला. मुकादमानं ओढला म्हणून वाचला. पुन्हा असं दिसलं तर गेटपास काढून घेईन, असा दम मिळाला. गेटपास गेला तर गेला. पुढच्या वेळी ओढायला कोणी नसलं तर काय, हाच धोंडुबाईला घोर.

ती रोह्याला गेली, पेणला गेली. गोळी बंद करा म्हणत सरकारी कचेऱ्यांत या टेबलावरून त्या टेबलावर. सगळे सभ्यपणे बोलले, तेच तर वाईट. म्हणाले, औषध आहे, परवाना आहे, दुकानदाराकडे बिलं आहेत. यासाठी वेगळा नियम अजून व्हायचाय. शेवटच्या साहेबाला तिनं विचारलं, "बाटलीला मतदान होतं, मग गोळीला का नाय?" साहेब हसला. तिला काही हसू आलं नाही. पाय दुखत होते.

हैबतरावानंही आडपडदा ठेवला नाही. "काकी, मी ठेवली नाय तर शेजारचा ठेवील. मलाच कशाला धरतेस?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, रात्रपाळीची बस यायच्या आधी, मोड आलेल्या वालांचं पातेलं घेऊन ती त्याच्या फळीसमोर बसली आणि बिरडं सोलू लागली. गावात एवढी लाज अजून शिल्लक आहे, काकीसमोर कोणी नशा मागत नाही. पोरं यायची, तिला बघून खोकायची आणि बिस्किटचा पुडा घेऊन सटकायची.

"असं किती दिवस बसणार, काकी?" हैबतराव वैतागला.

"वाल संपेस्तोवर. आमच्याच शेतातलं हायत."

मग जितेश आला. आईला बघून थबकला, घरी चल म्हणाला. ती हलेना. शेवटी तोही शेजारी बसला आणि पातेल्यात हात घातला. साल काढताना दाणे चिरडत होते.

"डोलवीलापण मिळतात, आई," तो हळूच म्हणाला.

"ठाव हाय मला. तू सोल."

बस आली. तो विजारीला हात पुसून उठला आणि दुकानाकडे न बघता बसमध्ये चढला. आजचा दिवस गेला. धोंडुबाईचा गुडघा काही सरळ होईना. हैबतराव फळीमागून बाहेर आला आणि त्यानं तिला हात देऊन उठवलं.

"उद्या बसायला पाट ठेव," ती म्हणाली.