चिकटलेल्या क्लचचं भूत

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या बहिणीवर. कधी झाला तेही सांगतो: ब्याऐंशीच्या दसऱ्याला, सकाळी, तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या फटफटीला झेंडूचा हार घालून झाल्याबरोबर. हार घातला तिच्या दिरानं. त्यानं नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, हात जोडले, आणि हात खाली घेता घेता निकाल देऊन टाकला. फटफटी दिवाळीआधी तुमसरच्या एका राइस मिलवाल्याला विकायची. वहिनीनं नोकरी सोडायची. सोडायची नसेल तर शाळेच्या गावी खोली करून राहावं, पण पोरगी इथंच राहील.

बहीण प्राथमिक शाळेत मास्तरीण. शाळा लाखनीच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. तिथं एसटी जायची ती मुक्कामाची, म्हणजे संध्याकाळी गेली की सकाळी परत. मास्तरणीला हवं त्याच्या बरोबर उलट. नवरा होता तोवर तो तिला फटफटीवर सोडायचा, आणायचा. सुटीच्या दिवशी तलावाच्या पाळीवर त्यानं तिला फटफटी चालवायलाही शिकवली होती. मग कावीळ झाली आणि भर पावसाळ्यात तो गेला. त्यानंतर ती कधी पायी, कधी कोणाच्या बैलबंडीत बसून शाळा गाठायची, आणि उशीर झाला म्हणून साहेबाची बोलणी खायची. घरच्या सपरीत, म्हणजे पडवीत, फटफटी उभी, चालवता येतं, तरी पायी. का? तर म्हणे फटफटीत भूत.

या भुताची जन्मकथा अशी. वर्षश्राद्ध आटोपल्यावर आलेल्या, म्हणजे एक्याऐंशीच्या, दसऱ्याला दिरानं फटफटीची पूजा केली आणि मालक व्हायच्या घाईनं किक मारली. गाडी सुरू झाली. त्यानं क्लच दाबला, गिअर टाकला. फटफटीनं जी उडी घेतली, ती कुंपणाचे बांबू मोडून थेट उकिरड्यात. हा खाली, गाडी वर. नवीन धोतर शेणानं माखलं. आता उभ्या गावासमोर शेणात पडलेला माणूस काय म्हणेल? मला गाडी चालवता येत नाही, असं म्हणेल? तो म्हणाला, "भाऊ बसू नाही देऊन राहिला."

झालं. गावानं मान डोलावली. आजूबाजूला बारावी झालेली पोरं होती, त्यांनीही डोलावली. फटफटी पुन्हा सपरीत गेली आणि वर्षभर तिला कोणी बोट लावलं नाही. एक बहिणीची सासू तेवढी रोज सकाळी पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवून दोन मिनिटं उभी राहायची. तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही. बाकी सगळ्यांबद्दल बोलणार आहे.

बहिणीचा निरोप मिळाला तसा मी भंडाऱ्याहून निघालो. खांद्याला झोळी, झोळीत पत्रकांचा गठ्ठा: अंगात येणं, भूतबाधा, करणी, सगळ्यांची सालं काढलेली. दीर दारातच भेटला.

"काहून जी पत्रकवाले, भुताले बी भाषण देता का आता?"

"देतो. आधी पान्हे आणा."

पान्हे त्याच्याकडं होते. मेलेल्या भावाचे पान्हे घ्यायला त्याला भूत आडवं आलं नव्हतं.

मला हे काम येत होतं, आणि त्याचं श्रेय आमच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेच्या खटारा फटफटीला. तिला वर्षातले निम्मे महिने पेट्रोल मिळायचं नाही. ती उभी राहायची आणि उभी राहून राहून तिला हाच आजार व्हायचा. आजार साधा आहे. क्लच दाबला की इंजिन आणि मागचं चाक यांची फारकत व्हायला हवी. ती झाली नाही, तर गिअर पडताच चालू इंजिनाचा सगळा जोर एकदम चाकाला मिळतो आणि गाडी उडी मारते. मेलेल्या माणसाचा यात काडीचा संबंध नाही.

इंजिन बंद ठेवून मी गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि गाडी मागंपुढं हलवली. चाक फिरेना. वाटलं, केबल तुटली असेल. बहिणीला क्लच दाबायला लावून खाली वाकून पाहिलं, तर केबलच्या टोकाचा दांडा नीट हलत होता. म्हणजे केबल ठीक. दोष आत होता. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या. क्लचचा दांडा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं मुठीला घट्ट बांधला, आणि दोघांनी मिळून गाडीला पुन्हा झोके दिले. नाही म्हणजे नाही. मग उघडण्याशिवाय इलाज नव्हता.

सपरीत भाताच्या तनसाचा बिछाना केला आणि क्लचची बाजू वर ठेवून गाडी आडवी निजवली, म्हणजे ऑइल सांडत नाही. सासू दारात येऊन उभी राहिली. "त्याले उताणा काहून पाडलं बापा?" मी बोलणार होतो, तेवढ्यात बहीण म्हणाली, "कंबर धरली हाय जी आत्याबाई. मोकळी करून राहिलो." म्हातारी तिथंच खाली बसली.

झाकण काढलं. स्प्रिंगा काढल्या. प्लेटा बाहेर आल्या त्या सगळ्या मिळून एक गोळा. मेव्हण्यानं शेवटच्या फेरीत भरल्या नाल्यातून गाडी काढली होती. पाणी आत शिरलं, ऑइलशी कालवलं गेलं आणि लोखंडाला गंजाची तांब चढली. बहिणीनं स्वयंपाकघरातून उलथणं आणलं आणि तिनंच एकेक प्लेट सुटी केली. घासलेटात धुतल्या, काचकागदानं घासल्या. झाकणाखालचं कागदी पॅकिंग उघडतानाच फाटलं होतं. तसा कागद त्या गावात मिळण्यासारखा नव्हता. मग भूतबाधेवरची दोन पत्रकं एकावर एक ठेवली, झाकणाच्या मापानं कापली, ग्रीस लावलं आणि बसवली. त्या गावात माझ्या लिखाणाचा एवढाच उपयोग झाला.

जुनं पेट्रोल ओतून नवं भरलं, प्लग घासला. क्लच दाबून गिअर टाकला तर मागचं चाक बोटानं फिरलं. किकला इंजिन लागलं, आणि कुंपणाशी बघे जमले. गर्दी फाडून दीर पुढं आला. दसऱ्याचा हार सोडला तर वर्षभर ज्या गाडीच्या सावलीला तो उभा राहिला नव्हता, तिच्या मुठीवर आता त्याचा हात.

"झाली नं चालू? आणा चाबी. तुमसरले मीच घेऊन जातो. चालू गाडीले भाव बी चांगला भेटन."

भूत कुठं गेलं, हे त्यानं विचारलं नाही. कुंपणावरच्या एकानंही विचारलं नाही. मी झोळीतून पत्रक काढलं आणि घसा साफ केला.

"तू गप राय," बहीण मला म्हणाली. मग दिराकडं वळली. "घ्या नं भाऊजी. बसा. पण मागच्या खेपेले त्यायनं उकिरड्यात टाकलं तुमाले. तुमसरच्या रस्त्यानं ट्रका रायतात."

दिरानं आईकडं पाहिलं, कुंपणाकडं पाहिलं. भूत नाही म्हणावं, तर वर्षभर खोटं बोलल्याचं गावासमोर कबूल होतं. आहे म्हणावं, तर बसता येत नाही. हात मुठीवरून निघाला.

बहिणीनं पदर खोचला, पोरीला पुढं टाकीवर बसवलं, क्लच दाबला, गिअर टाकला. उडी नाही, हिसका नाही. पाळीवरून चक्कर मारून ती परत आली, तेव्हा सासूनं टाकीवर हात ठेवून विचारलं, "काई नाही म्हणाला?"

"हळू जा म्हणे."

मी आजही तिच्यावर यासाठी रागावलेलो आहे. प्लेटा हातात घेऊन गावाला दाखवायची वेळ होती आणि तिनं भूत जिवंत ठेवलं. ती म्हणते, भूत तुझ्यासाठी मारलं असतं तर फटफटी भाऊजींनी नेली असती. दुसऱ्या सोमवारी ती त्याच फटफटीवर शाळेत गेली आणि संध्याकाळी पोरीजवळ परतली.

पण तुमच्या सपरीतली गाडी अजून उभी आहे, हे मला ठाऊक आहे. तिच्यावरचा हार काढून टाका. क्लच दाबून, गिअर टाकून हलवून पाहा, प्लेटा चिकटल्या असतील तर सोडवा. आणि घरातल्या ज्या बाईला रोज कामावर पायी जावं लागतं, तिच्या हातात चावी द्या. पुढच्या दसऱ्याला नाही. आज.