पडद्यावर दिसलेली वांगेवाली

देऊळघाटच्या बाजारात मी एका बाईकडून नेहमी वांगी घेतो. ती बोलते कमी, पण प्रत्येक वांगं उलटसुलट करून किडकं बाजूला काढते. यंदा गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात एका सिनेमात ती अचानक दिसली, पदरानं घाम पुसताना. परत आल्यावर मी कौतुकानं तिला सांगितलं. तिचा हात थांबला.

"मले न विचारता काऊन काढलं? लोक हसले का?"

"नाही हो मावशी. सगळे गप्प पाहत होते."

"एवढं काय पाहून राह्यले होते माह्यात?"

मी वांग्यांची पिशवी उचलली.

पुढच्या बाजारी पैसे द्यायला मी मोबाईल काढला, तर तिनं झटकन पदर तोंडावर ओढला.

"रोख द्या, भाऊ," ती म्हणाली.