चतुराबाईचा कान आणि लाल मुठीचा चाकू

चतुराबाईच्या तोंडी लागू नये, हे दिल्ली गेटपासून हर्सूलपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बाई साठी ओलांडलेली, काटकीसारखी वाळलेली, पण जिभेला हाड नाही. उन्हाळा लागला की ती रस्त्याच्या कडेला टरबुजाचा ढीग लावून बसायची, आणि तिचा एकच हट्ट होता. टरबूज कापून दाखवणार नाही. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, टाकी लावून दाखवा की. टाकी म्हणजे चाकूनं तिकोनी तुकडा काढायचा आणि आतला रंग दाखवायचा. एवढं म्हणायची खोटी, बाईचं डोकं फिरलंच. ज्याचा आपल्या मालावर भरोसा नाही त्यानं टाकी लावावी, ती म्हणायची, आणि ज्याचा माणसावर भरोसा नाही त्यानं पुढच्या ढिगाकडं चालू लागावं.

कारण तिच्याकडं कान होता. टरबूज मांडीवर घ्यायचं, बोटाच्या पेरानं दोन टिचक्या मारायच्या आणि कान लावायचा. पिकलेलं टरबूज ‘डब्ब’ बोलतं, कच्चं ‘टण्ण’ बोलतं. वैजापूरच्या अंगाला गोदावरीच्या वाळूत तिच्या बापाची टरबुजाची वाडी असायची, तिथं ती हे शिकली. लग्न होऊन फकिराच्या घरी आली ती हाच कान घेऊन आली. हुंडा म्हणून बापानं दुसरं काही दिलंच नव्हतं.

फकिरा गेला, आणि त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या भावानं, रामकिसननं, फकिरा बसायचा ती लिंबाखालची जागा बळकावली. तेव्हापासून अकरा वर्षं रामकिसन सावलीत बसतो आणि चतुराबाई उन्हात. दोघांत अबोला. दीर-भावजय दहा हातांवर बसून एकमेकांना ऐकू जाईल असं गिऱ्हाइकांशीच बोलायचे. रामकिसन टरबुजाचं बूड पिवळं पडलंय का बघायचा, वर लांब सुरीनं टाकी लावून द्यायचा. बूड तर म्हशीचंबी बघता येतं, ती म्हणायची, त्याला काय अक्कल लागती?

तिचं खरं गिऱ्हाईक एकच, रोशन गेटचे कमरोद्दीनभाई. फळं कापून विकायचं त्यांचं दुकान. पंचवीस-तीस उन्हाळे त्यांनी सगळी टरबुजं तिच्याकडूनच उचलली, आणि एकदाही टाकी लावायला सांगितली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, बाईनं हात लावला म्हणजे आत लालच असणार. बाईला नवऱ्यानं जन्मात असं कौतुकाचं बोलून दाखवलं नव्हतं. त्या एका वाक्यावर ती उन्हात बसत होती.

तर यंदा नवल झालं. माल उतरला, बाईनं टिचक्या मारायला घेतल्या, आणि एकही टरबूज कच्चं लागेना. दहा वाजवा, वीस वाजवा, सगळी आपली डब्ब. असा माल जन्मात बघितला नाही म्हणून तिनं बाजारातून आणलेली सगळी गाडी बिनदिक्कत ढिगावर रचली.

आणि मग लोक परत यायला लागले. हडकोतले एक मास्तर अर्धं टरबूज पिशवीत घेऊन आले, आतून मुळ्यासारखं पांढरं. बाईनं त्यांना उभं-आडवं घेतलं. दुसरीकडचं आणून माझ्या गळ्यात मारता व्हय, चोराच्या उलट्या बोंबा! पुढं एक बाई आली, मग एक रिक्षावाला आला. बाईचं म्हणणं, जगच खोटारडं झालंय. तेवढंच नाही, लोकांना धड बोलायचंही वळण राहिलं नाही, तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. घरी सून मुद्दाम हळू बोलते, म्हणून तिच्याशीही भांडून झालं होतं. अहो, ज्याला त्याला हळू बोलतो म्हणून शिव्या द्यायच्या, पण आपण नीट ऐकतो का, हे विचारायचं नाही! तिला कळत नव्हतं असं नाही. पण तो विचार जवळ आला की ती आणखी कुणाशी तरी भांडण उकरून काढायची.

रमजानच्या आठ दिवस आधी कमरोद्दीनभाईंचा मुलगा गयास आला. भाईंना लकवा मारला होता, दुकान आता तो बघत होता. पोरगा अदबीचा. त्यानं सांगितलं, गेल्या खेपेच्या बारा टरबुजांतली सात पांढरी निघाली, मावशी. त्यानं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. ओरडतोस कुणावर, म्हणून ती त्याच्या अंगावर गेली. त्यानं ऐकून घेतलं आणि शेवटचं सांगितलं. शुक्रवारी टेम्पो घेऊन येतो, माझ्यासमोर तीन टरबुजांना टाकी लावा. तिन्ही लाल निघाली तर महिनाभराचा माल तुमच्याकडूनच. नाहीतर मी रामकिसनकाकांकडून घेईन.

चतुराबाईच्या घरात विळी होती, पण टाकी लावायला चाकू नव्हता. रविवारी ती जाफर गेटच्या बाजारात गेली, आणि ओळखीचं कुणी बघत नाही अशा बेतानं जमिनीवर ताडपत्री टाकून बसलेल्या एका माणसाकडून मिटायचा चाकू घेतला. सगळ्यांत स्वस्त तोच होता. लाल प्लास्टिकची मूठ, तीन बोटांचं पातं, आणि पात्याचा खिळा पडायला आलेल्या दातासारखा हलणारा. विकणारा म्हणाला, मावशी, घरात रोज वापरा, वर्षभर बघायला नको. तुझं तू बघ, म्हणत बाईनं तो कनवटीला लावला.

रोज वापरा म्हणाला ना, मग बाईनं त्याला रोजच पिदडला. पहिल्याच दिवशी उघडताना तिचं नख तुटलं. मुडद्या, तुझा बाप उघडंल तुला, असं त्याला सुनावून तिनं दातानं पातं ओढलं. सुतळी कापली, ती लोण्यासारखी कापली गेली. पोत्याची शिवण उसवली, कांदा चिरला, कैरीची साल काढली. सगळं झकास. बाईला राग आला. वाईट असता तर फेकून तरी देता आला असता. एक खोड मात्र होती, जोर दिला की पातं आपोआप मिटायचं आणि बोटाला चावायचं. दोन दिवसांत तीन ठिकाणी चिंध्या बांधून झाल्या, पण चाकू काही तिनं सोडला नाही.

मंगळवारी परसात बसून तिनं टरबुजाला टाकी लावली. टिचकी मारली तेव्हा डब्ब वाजलेलं. तुकडा निघाला फिक्कट. ती चाकूकडं बघत राहिली. एवढंसं पातं, लालपर्यंत पोचणार कसं? दुसऱ्याचा तुकडा लाल आला. हे बघ! तिसऱ्याचा पुन्हा फिक्कट. पातंच आखूड, दुसरं काय. आता टरबुजाची साल असते केवढी, बोटभर. तीन बोटांचं पातं पोचणार नाही तर काय होणार? पण बाईला ते पटवून घ्यायचं नव्हतं. टरबूज पुरं चिरून बघावं असं एकदा तिच्या मनात आलं. हात धजला नाही. तिन्ही टरबुजं तिनं तशीच शेजारच्या शेळ्यांपुढं टाकली आणि आत निघून गेली.

शुक्रवारी गयास टेम्पो घेऊन आला. रामकिसननं सुरी पुसत पुसत आपलं गिऱ्हाईक थांबवून ठेवलं, तमाशा फुकटात होता. चतुराबाईनं सगळा ढीग चाळला. एकेक टरबूज मांडीवर घेतलं, कान सालीला टेकवला. घाम हनुवटीवरून गळत होता. शेवटी तीन बाजूला काढली. तिन्ही अशी डब्ब बोलत होती की तिला बापाची आठवण झाली.

पहिल्याची टाकी निघाली ती पांढरी, जेमतेम गुलाबी झाक असलेली. रामकिसन गिऱ्हाइकाला म्हणाला, काकडीचा भाव काय चालू आहे हो? चतुराबाई म्हणाली की चाकू बाजारू आहे, पातं आखूड आहे. दुसऱ्याला तिनं जोर लावला, पातं मिटलं, बोटातून रक्त आलं. तशीच तिनं टाकी उपसली. तीही पांढरी.

मग तिचं भान सुटलं. या चाकूच्या आयला, म्हणत तिनं तो गटारात भिरकावला, तिसरं टरबूज दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि रस्त्याच्या दगडावर आपटलं. घ्या, बघा पुरं.

सगळ्यांनी बघितलं. आत पांढरा गर आणि दुधाळ बिया.

कुणी हसलं नाही. रामकिसन सावलीतून उठला, तिच्या ढिगातलं एक टरबूज त्यानं उचललं आणि तिच्यासमोर धरून टिचकी मारली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला.

“वैनी, ह्ये कसं वाजायलंय?”

“डब्ब,” ती म्हणाली. “तुझे कान फुटले का?”

टेम्पोवाल्यानं मान खाली घातली. गयासला टरबुजातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यालासुद्धा ते ‘टण्ण’ स्वच्छ ऐकू आलं होतं. रामकिसननं पुन्हा एकदा, जोरात टिचकी मारली आणि तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिनं सगळ्यांची तोंडं पाहिली. मग ती खाली बसली आणि पदरानं बोट गुंडाळायला लागली.

टेम्पो रामकिसनच्या ढिगाकडं सरकला. रामकिसन एकेक टरबूज वर देत राहिला. माल भरून झाल्यावर गयास तिच्याजवळ आला, उकिडवा बसला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारू लागला, मावशी, डॉक्टरला दाखवलं का?

तिनं त्याला हातानं मागं सारलं.

“तुझा बाप इचारंल,” ती म्हणाली, “यंदा माल बाईकडून का नाय आणला म्हनून. माझा कान गेला असं त्याला सांगू नको. बाई गेली म्हनून सांग.”