सोनारीच्या जत्रेतली न झालेली कुस्ती

मेलेल्या माणसांना इतकं दमवणारा माणूस आमच्या आत्याच्या यजमानांखेरीज दुसरा मी पाहिला नाही. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणत असे. ईटच्या बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे आणि अंगकाठी इतकी किरकोळ की गुळाची ढेप हलवायची तरी गिऱ्हाइकालाच हात लावायला सांगत. आणि हा माणूस दिवसभर गादीवर बसून पैलवान लढवत असे. आजोबांच्या काळात एकट्यानं मोट ओढून दाखवणारा मल्ल आणि परवाच्या जत्रेत फेटा मिळवलेला जवान गडी, यांची जोड लावायची आणि कोण चीत होतो ते बघायचं, हा त्यांचा धंदा. किराणा हा जोडधंदा.

मी त्या वेळी ईटला मास्तर होतो. निजामाचं राज्य, त्यामुळे शाळेत दिवसभर उर्दूत शिकवायचं, आणि संध्याकाळी आत्याकडे जेवायला गेलं की मामांशी वाद घालून जीभ मोकळी करायची. मला आधी वाटलं, हे मनाला येईल तसे निकाल ठोकून देत असतील. तसं मुळीच नव्हतं. त्यांचे नियम होते आणि ते कायद्यापेक्षा कडक होते. प्रत्येक पैलवान त्याच्या ऐन उमेदीतला धरायचा. माती एकाच आखाड्यातली. खुराक दोघांचा सारखा. जहागीरदाराच्या पदरी राहून बदाम खाल्लेला मल्ल असेल, तर त्याचे बदाम आधी बंद करून महिनाभर त्याला ज्वारीच्या भाकरीवर आणायचा आणि मगच सलामी. "न्हायतर बदामच जिंकतील की," मामा म्हणत, "मानूस कुठं जिंकला?" हा महिना ते खरोखर पाळत. मध्येच कोणी निकाल विचारला तर त्याला दुकानातून उठवत.

कुस्ती रंगात आली की दुकानाचं काही खरं नसे. एकदा एक बाई हळद घ्यायला आली. मामांचा एक मल्ल त्या वेळी खाली दाबला गेला होता. "जरा दम धरा, अडकलंय, सुटू द्या," मामा डोळे मिटूनच म्हणाले. आत गाय अडली असावी असं समजून ती बाई पदर खोचून आत्याच्या मदतीला मागच्या दारी धावली.

लढाईवरून रजेवर आलेल्या एका शिपायानं त्यांना गोऱ्यांच्या मुष्टियुद्धाची हकीकत सांगितली. छावणीतले गोरे सोजीर म्हणे रिकाम्या वेळी याच गोष्टीवर भांडत: मागच्या पिढीतला धिप्पाड मुष्टियोद्धा आजच्याला पुरून उरला असता की नाही? हे ऐकून मामांना भरून आलं. समुद्रापलीकडेही आपल्यासारखी शहाणी माणसं आहेत, याचा त्यांना फार धीर वाटला. ते खोदून खोदून विचारत राहिले. त्यांचा खुराक काय, कंबर धरायची मुभा आहे का, पडलेला माणूस किती वेळ पडून राहतो. पण दोघांच्या हातांना गादीसारखे मोजे असतात हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "हाताला गादी बांधल्यावर पकडनार कशानं?" म्हणाले. तरी त्यांनी अन्याय केला नाही. त्या दोघा गोऱ्यांना मोजे काढायला लावले, लंगोट दिले आणि रीतसर महिनाभर भाकरीवर ठेवलं.

या निकालांना गावात केवढी किंमत होती, ते भूमकडच्या एका सोयरिकीच्या वेळी कळलं. मुलीच्या पणज्याला मुलाच्या पणज्याकडून मामांनी कधीकाळी चीत करवलं होतं. ते दोघं हयातीत एकमेकांना भेटलेलेही नव्हते. पण सुपारी फोडायच्या दिवशी हे कोणाच्या तरी तोंडून निघालं आणि मुलीकडची मंडळी पान न घेताच उठली. आमच्या पणज्याची पाठ मातीला लागली म्हणणाऱ्यांच्या घरी पोर देणार नाही, म्हणाली. शेवटी दोन्हीकडचे वडीलधारे दुकानासमोर येऊन बसले आणि कुस्ती फिरून लावा म्हणू लागले. मामांनी ती दिवे लागेपर्यंत खेळवली आणि बरोबरीत सोडवली. लग्न झालं, मामांना मानाचा शेला मिळाला, पण ते मला हळूच म्हणाले की बरोबरी काही मनाला पटली नाही.

इतक्या कुस्त्या लावल्या, पण एका पैलवानाला मामा कधीच मातीत उतरवत नसत. तो म्हणजे त्यांचे स्वतःचे वडील, अप्पा. अप्पा नामांकित मल्ल होते. मी कारण विचारलं की मामा तराजू पुसायला घेत. अखेर आत्यानंच सांगितलं. सोनारीच्या भैरवनाथाच्या जत्रेत अप्पांची आणि बार्शीकडच्या एका पैलवानाची जोड ठरली होती. देवळापुढं दोघांनी नारळ बदलले होते, कुस्ती पुढच्या चैत्रात व्हायची होती. पण मधल्या थंडीत प्लेगानं अप्पांना नेलं. मामा तेव्हा लहान होते. त्या कुस्तीत काय झालं असतं, एवढं एकच त्यांना आयुष्यात जाणून घ्यायचं होतं. बाकीच्या साऱ्या कुस्त्या म्हणजे त्या एका निकालासाठी हात बसवणं होतं. आणि तो निकाल स्वतः द्यायची त्यांची छाती होत नव्हती, कारण अप्पा हरले तर काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

निजामाच्या मोगलाईच्या शेवटच्या काही वर्षांतली एक जत्रा. मी आणि मामा सोनारीला गेलो होतो. कुस्तीच्या फडाच्या कडेला, हलगीवाल्याजवळ एक वाकलेला, डोळे अधू झालेला म्हातारा बसला होता. कोणीतरी म्हणालं, हाच तो बार्शीकडचा. जन्मभर पैलवानांवर बोललेले मामा "म्या ईटच्या अप्पांचा ल्योक," एवढंच म्हणाले. म्हाताऱ्यानं त्यांचा दंड चाचपला आणि खोखो हसला. मग मामांनी तो प्रश्न विचारला.

"रोजच लढतो की त्याच्यासंगं," म्हातारा म्हणाला. "नांगर धरला, मोट धरली की सुरूच. कवा त्यो पाडतो, कवा म्या."

मामा त्याच्यासमोर मांडी घालून बसले. दोघांनी मातीत हात घातला, कपाळाला लावला आणि कुस्ती लागली. बसल्या जागीच, नुसती तोंडी. म्हातारा आपला डाव सांगे, मामा अप्पांचा. समोर खरी कुस्ती चालली होती, तिच्याकडे आम्हा तिघांपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. मग म्हाताऱ्यानं मामांच्या तोंडाकडे पाहिलं, काय दिसलं कोण जाणे, आणि म्हणाला, "पडलो म्या. जितला तुजा बाप."

हेच ऐकायला मामा जन्मभर थांबले होते. त्यांचे डोळे भरून आले. पण त्यांनी मान हलवली. "न्हाय, बाबा. तुमी सोडून दिली. अप्पांचा हात अजून मानंवर गेलाच न्हवता." मला त्या क्षणी या किरकोळ माणसाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कोणत्याही पैलवानाचा कधी वाटला नाही.

कुस्ती पुन्हा लागली. पण म्हाताऱ्याची माणसं गाडी जुंपून आली. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, म्हणून दिवस मावळायच्या आत त्यांना हद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडायचा होता. ठरलं असं की पुढच्या चैत्रात याच पकडीपासून पुढे धरायची: अप्पांचा हात त्याच्या मनगटावर, त्याचा गुडघा अप्पांच्या मांडीला.

पुढच्या चैत्रात रझाकारांच्या धामधुमीत हद्दीपलीकडून कोणी आलंच नाही. त्याच्या पुढच्या चैत्रापर्यंत निजामाचं राज्य गेलं होतं आणि वाट मोकळी झाली होती. मामा सकाळपासून त्याच जागी बसून राहिले. दुपारी म्हाताऱ्याच्या गावचा एक गाडीवान भेटला आणि म्हणाला की बाबा दिवाळीच्या सुमाराला गेले. बाजेवर पडल्या पडल्या एक गुडघा वर धरून असत, कोणी सरळ केला तर रागवत.

परतीच्या वाटेवर सोनारी पार मागे पडल्यावर मामांनी मला हाक मारली.

"मास्तर, वर दोघंबी ऐन उमेदीतलेच असतील न्हवं?"

मी म्हणालो, असतील.

"अन् खुराक सारखा?"

तो तर सारखाच असणार, मी म्हणालो.

त्यांनी जरा विचार केला. "मग महिनाभर कुनी निकाल इचारायचा न्हाय."

तो महिना उलटून गेला, बरीच वर्षं गेली, मामाही वर गेले. आता तिथं ते अगदी जवळून बघत असतील. मी अजून निकाल विचारलेला नाही.