दुसऱ्यांची बला

सूप साहेबाने बुटाने माझ्याकडे सरकवलं. त्यात उतारा: भात, कुंकू, टाचण्या खुपसलेलं लिंबू, नारळ.

"चिमणीभोवती तीनदा फिरव अन् नाल्यात टाकून ये. मागं पाहू नको. तुमच्या लोकायचंच काम आहे हे."

साहेब म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर. आमच्याच भंडाऱ्याकडचा. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या उंच चिमणीसाठी मी काँक्रीट वाहत होतो. परवा सुखराम चिमणीच्या परांचीवरून पडून मेला. चिमणीला अजून दोन जीव पाहिजेत, असं मजूर कुजबुजत होते. वर चढायला कोणी तयार होईना.

भीती साऱ्यांनाच होती. वेल्डर रहीमभाईच्या दंडावर तावीज. बिहारी गवंड्याच्या गळ्यात हनुमान. रशियन इंजिनियर लाकडावर तीनदा बोटं वाजवायचा. माझ्या अंगावर काळा दोरासुद्धा नव्हता. आम्ही धर्म बदलून बौद्ध झालो तेव्हाच आईने तो तोडून टाकला होता.

सांगायला लाज वाटते, पण मी सूप उचललं. पोटाचा प्रश्न होता.

"आता दिवसभर पाण्याच्या मटक्याले हात लावू नको," साहेब म्हणाला. "बला तुझ्यावर आली."

मजुरांनी वाट सोडली. काल माझ्या डब्यातली चटणी खाणारेसुद्धा बाजूला झाले. तेव्हा मला कळलं. यांचे ताईत यांच्या अंगावर. आणि यांचं संकट ज्याच्या अंगावर ढकलायचं, तो मी.

तीन फेऱ्या झाल्या. नाल्याकडे निघालो आणि मुद्दाम मागे पाहिलं. माणसं चढायला लागली होती. सुखराम पडला तीच परांची. तेच कुजलेले दोर. कुणाच्याही कमरेला पट्टा नाही. माझ्या हातातल्या सुपाच्या भरवशावर ती चढत होती.

परत फिरलो. सूप साहेबाच्या टेबलावर ठेवलं.

"दोर बदला. पट्टे द्या. हे मी नाही नेत."

"माजला का रे? लोकं मरतीन तुझ्यापायी."

"सुखराम तुमच्यापायी मेला."

त्याने माझा गेटपास हिसकावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटबाहेर उभा राहिलो. येईल त्याला सांगितलं, पट्ट्याशिवाय चढू नका. कोणी शिवी दिली, कोणी थुंकलं. दोघं मात्र थांबले.

कोणाची बला वाहायला आईने मला जन्माला घातलं नव्हतं. दोर बदलेपर्यंत मी तिथून हलणार नव्हतो.