मास्तरांच्या गाडीचा नवा गिअर

शेवगावात चारचाकी चालवणारा माणूस कुणाकडं शिकलाय, हे ओळखायला त्याचं लायसन बघावं लागत नाही. दुसरा गिअर टाकताना ज्याचा खांदा पुढं जातो, मान खाली जाते आणि लिव्हरला तळहाताचा एक दणका बसतो, तो सूर्यभान मास्तरांचा विद्यार्थी. नव्या गाड्यांना असल्या दणक्याची काही गरज नसते. पण मास्तरांकडचं शिक्षण अंगात मुरायचं. इथले एक डॉक्टर त्यांच्याकडं शिकले, पुण्याला गेले, महागडी गाडी घेतली, आणि तिच्याही गिअरला अजून दणकाच देतात, असं त्यांच्या सासुरवाडीची माणसं सांगतात.

हे सगळं मास्तरांच्या गाडीमुळं. पांढरी, बुटकी गाडी. दारावर ड्रायव्हिंग स्कूलचं नाव, मागच्या काचेवर लाल एल. इंजिन गोड, ब्रेक चोख. फक्त गिअरची लिव्हर तेवढी सैल. न्यूट्रलमध्ये असली की ती आमटीतल्या पळीसारखी चारी दिशांना फिरायची. दुसऱ्या कुणी ती दुरुस्त करून घेतली असती. मास्तरांनी तिच्यावर अभ्यासक्रम बसवला.

"पहिला गिअर म्हंजी फडताळाचं दार," ते शिकवायचे. "फुडं ढकला, आन् नीट लागलंय का ते हलवून बघा. दुसरा म्हंजी हट्टी म्हैस. तिला चापट द्यावीच लागती. तिसरा आपसूक जातो, त्येच्या वाटंला जाऊ नका."

"आन् रिव्हर्स, मास्तर?"

"रिव्हर्स लागंल अशा जागी शहान्या मानसानं गाडी घालावीच कशाला?"

खरी गोष्ट अशी होती, की रिव्हर्स फक्त मास्तरांच्या हातानं पडायचा. डाव्या सीटवरून हात लांबवून, लिव्हर उजवीकडं कलवून, जरा उचलल्यासारखी करून, डोळे मिटून. लग्नाला गेले तरी ते गाडी गावाबाहेरच सरळ तोंडानं लावायचे आणि मांडवापर्यंत चालत जायचे. झुंबरबाई, त्यांची बायको, जरीची साडी सावरत धुळीतनं मागनं यायची. परीक्षेच्या मैदानावर मास्तर गाडीत नसायचे, तेव्हा ज्याचा रिव्हर्स नशिबानं पडायचा तो पास व्हायचा. ज्याचा पडायचा नाही त्याला मास्तर सांगायचे, "हात अजून बसला न्हाई."

हे कैक वर्षं निभावलं. मग आक्काबाई आल्या.

आक्काबाईंची शेवगावाजवळ पोल्ट्री. अंडी पोचवायला ठेवलेले ड्रायव्हर एकतर उशिरा यायचे, नाहीतर खड्ड्यात गाडी घालून अंड्यांचा रस्सा करायचे. शेवटी बाईंनी जुनी व्हॅन घेतली आणि स्वतःच शिकायला आल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण स्टेअरिंग असं धरायच्या की गाडीनंच अंग चोरून घ्यावं. शिकल्या चटकन. परीक्षेत मात्र रिव्हर्स पडला नाही. पुन्हा गेल्या, पुन्हा नाही. दुसऱ्या वेळी तर त्या घाईघाईनं लिव्हर ओढत राहिल्या आणि तिच्या टोकाचा गोळाच उपटून हातात आला. तो त्यांनी परीक्षा घेणाऱ्या साहेबांना दाखवला. साहेबांनी नुसती मान हलवली.

बाई मैदानातून बाहेर आल्या आणि गोळा मास्तरांच्या हातात ठेवला.

"हात अजून बसला न्हाई," मास्तर म्हणाले, पण आवाज जरा बारीक निघाला.

"माजा हात बसलाय मास्तर, तुमचा गिअर उठलाय," आक्काबाई म्हणाल्या. "त्यो दुरुस्त करा, न्हाईतर मी जाते दुसरीकडं. अन् जाताना समद्यांना सांगून जाते."

मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी ते गाडी घेऊन नबीलालच्या गॅरेजला गेले. नबीलाल त्यांचा जुना दोस्त. लिव्हर बदलून घ्या म्हणून त्यानं किती वेळा सांगितलं असेल.

"लिव्हरला धरून ठेवनारे आतले बुश पार झिजलेत, सूर्यभानभाऊ," तो गाडीखालनं म्हणाला. "ते तर बदलतोच. पन लिव्हर बी नवी टाकू. आता आखूड येती. हात थोडाच हलवायचा, गिअर पट्कन बसतो."

"आखूड कशाला? हाय तेवढीच टाक."

"एकदा हात लावून बघा. मग बोला."

संध्याकाळी गाडी तयार झाली. नबीलालनं नवी लिव्हर दोन बोटांनी फिरवून दाखवली. टक, टक, टक. रिव्हर्ससुद्धा टक. मास्तरांनी तो आवाज ऐकला. आपल्या घरात आपल्याला न विचारता कुणी भिंत पाडावी, तसं त्यांना वाटलं. गाडी घरी नबीलालनंच आणून लावली.

दुसऱ्या दिवशी आक्काबाईंना शेजारी बसवून ते स्वतःच गाडी घेऊन निघाले. नवी गोष्ट आधी गुरूनं करून दाखवावी, असा त्यांचा विचार. पहिला गिअर बसला. गाडी बसस्टँडसमोर आली. दुसऱ्यासाठी मास्तरांनी खांदा पुढं टाकला, मान खाली घातली आणि दणका दिला. तो हवेतच गेला. जुनी लिव्हर जिथं असायची तिथं आता काहीच नव्हतं. तळहात पुढं जाऊन रेडिओवर बसला आणि गाडीत भजन मोठ्यानं सुरू झालं. घाबरून त्यांनी खालची लिव्हर चाचपली, जोरात ओढली, ती थेट चौथ्यात गेली. गाडीनं दोन आचके दिले आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली.

मागं एसटी, तिच्यामागं उसाचे दोन ट्रॅक्टर. हॉर्न सुरू झाले. मास्तरांनी पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. भजन काही केल्या कमी होईना.

आजूबाजूच्या दुकानांतून माणसं आली. निम्म्याहून अधिक मास्तरांचेच विद्यार्थी. मेडिकलवाला श्रीमंत खिडकीत वाकला आणि अतिशय आदरानं म्हणाला, "मास्तर, घाबरू नका. पहिला म्हंजी फडताळाचं दार."

"मला नको शिकवू," मास्तर म्हणाले.

"दुसऱ्याला चापट द्या," मागनं कुणीतरी म्हणालं.

"दिली," आक्काबाई म्हणाल्या. "ती रेडिओला बसली."

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांचे कान तापले होते. हीच माणसं त्यांच्या शेजारी घामाघूम होऊन बसलेली त्यांना आठवत होती. आक्काबाईंनी शांतपणे दार उघडलं, वळसा घालून आल्या आणि म्हणाल्या, "सरका मास्तर. तुमी तुमच्या जाग्यावर बसा."

मास्तर डाव्या सीटवर गेले. बाईंच्या हाताला जुन्या लिव्हरची सवय अजून पुरती जडलेली नव्हती. त्यांनी मनगट हलवलं, गिअर बसला, गाडी निघाली. पुढच्या चौकापलीकडं त्यांनी उगाचच थांबून रिव्हर्स घेतला, मग पुढं, मग पुन्हा रिव्हर्स. बाई पोरीसारख्या खूश झाल्या होत्या. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या पुढच्या परीक्षेत आक्काबाई पास झाल्या. मास्तरांच्या घरी अंड्यांचे ट्रे आले.

मास्तरांचं शिकवणं मात्र आखूड झालं. जे समजवायला त्यांना आठवडा लागायचा, ते आता चहा निवायच्या आत संपायचं. म्हैस नको, चापट नको. मग ते आरशात कधी बघायचं, शाळेजवळ वेग किती ठेवायचा, उसाच्या ट्रॉलीला कुठून ओलांडायचं नाही, असलं काहीबाही शिकवायला लागले. ते शिकवायला हवंच होतं, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं. घरी मात्र टीव्हीपुढं बसून ते खलबत्त्यातला बत्ता गुडघ्याशी धरून मनगट हलवत राहायचे. पहिला, दुसरा, तिसरा.

झुंबरबाईला वाटण करायचं असायचं. तिनं दोन-तीनदा बत्ता हातातून काढून घेतला. एका सकाळी ती तयार होऊन बाहेर आली आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली.

"अगं, तिकडं कुठं?"

"बसा तुमी. पाथर्डीला दादाकडं जायचंय. आधी मैदानावर नेते, जमलं तर फुडं. लर्निंग लायसन काढलंय मी. आक्काबाईच घेऊन गेल्त्या."

मास्तर बसले. त्यांनी तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "काय बोलू नका. क्लच तेवढा सांगा."

त्यांनी क्लच सांगितला. मैदानावर तिनं बरेच दिवस घालवले. आणि मग एका रविवारी, मास्तरांचा पाय सारखा आपल्या बाजूच्या, शिकवणाऱ्यासाठीच्या ब्रेकवर असताना, ती पाथर्डीला भावाच्या अगदी दारात गाडी घेऊन गेली. भाऊ बाहेर आला, बहिणीला उजव्या बाजूनं उतरताना बघून दारातच थांबला.

"मीच शिकवलं," मास्तर म्हणाले.

झुंबरबाई पदर नीट करत घरात गेली. तिनं त्यांना खोटं पाडलं नाही.