चूक तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे

तहवाले सरांना कुणी माफी मागितलेली चालत नसे. आमचे हे इतिहासाचे सर शहागंजच्या मागे, आमच्याच गल्लीत राहायचे. त्यांची काच फोडून कुणी 'सर, चुकलं' म्हणत उभं राहिलं की ते कानांवर हात ठेवत. "काच बसवून दे. चूक तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे, माझ्या घरात जागा नाय."

त्यांना हे नाव पडलं व्हर्सायच्या तहामुळे. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीकडून जेत्यांनी मुलूख घेतला, भरपाई घेतली आणि वर 'सगळा दोष आमचाच' असं तिच्याकडून कबूलही करवून घेतलं. सरांनी हा धडा वर्गात शिकवलाच नाही. दौलताबादच्या सहलीत बसमधल्या जागांवरून दोन तुकड्यांचं भांडण जुंपलं, तेव्हा त्यांनी रस्सीखेच लावली. जिंकलो आम्ही. "आता तह तुम्हीच करा," म्हणून सर बाजूला झाले. आम्हाला काय, रानच मोकळं! हरलेल्यांनी आमचे डबे गडावर वाहायचे आणि प्रत्येक दरवाजापाशी ओरडायचं, 'भांडण आम्हीच काढलं!'

पहिल्या दरवाजाला ते ओरडले, दुसऱ्याला पुटपुटले आणि अंधाऱ्या भुयारात शिरले ते डब्यांसकट गायब झाले. धापा टाकत वर पोचलो तर बारादरीत आमचे रिकामे डबे ओळीने मांडलेले.

"डबे वाहायला लेकरं राजी व्हती," सर म्हणाले. "बोलाया लावलं, तिथंच तुमची भाकर गेली." त्यांच्या मिशीला माझ्या आईची लाल चटणी लागली होती.

गेल्या उन्हाळ्यात तोच तह गल्लीत अवतरला. आमच्याकडे नळ आठवड्यानं येतो. शेजारच्या बाळूनं नळाला गुपचूप मोटर लावून सगळ्यांचं पाणी ओढलं आणि सापडला. बैठकीत ठरलं, त्यानं मोटर काढायची आणि गल्लीला टँकर द्यायचा. मारुतीच्या पारावर हात जोडून 'मी चोर' म्हणायचं, ही भर माझी. टँकरला बाळू लगेच तयार झाला. पाराचं नाव काढताच म्हणाला, "घर इकून जाईन, पण हे बोलणार नाय." त्याची बायको खरंच भांडी बांधायला लागली.

थकलेले सर खुर्चीतून सगळं बघत होते. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं, "काय रे, डबे कुणाकडं हायेत?"

मला हसू आवरेना. पाराची अट मी तिथल्या तिथं मागे घेतली. बाळूनं मोटर काढली, टँकरही दिला.

यंदा वैशाखात सर गेले. नेमका त्याच आठवड्यात नळ आला नव्हता. दारात माणसं जमलेली आणि सरांना शेवटची अंघोळ घालायला घरात पाणी नाही. कुणी काही म्हणायच्या आत बाळूनं आपल्या गच्चीवरच्या टाकीतून पाइप सोडला आणि सरांच्या दारातले ड्रम काठोकाठ भरले. त्याची टाकी पार रिकामी झाली. मला फार रडू आलं.

पाइप गुंडाळता गुंडाळता बाळू माझ्या कानाशी आला. "अजून लागलं तर सांगा, भाऊ. मोटर हाय माझ्यापाशी."

भरल्या डोळ्यांनी, सरांच्याच दारात, मला हसू फुटलं.